त्याच सुईतून आणखी एक नळी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रव्यवहाराच्या पानावर गेले काही आठवडे मानसिक आजारांवरच्या औषधांचा वाद चालू आहे. एका पत्रलेखकाने लिहिलं की ही औषधं माणसाचा फुगा करतात, सरळ बंद करावीत. त्याला दुसऱ्याने उत्तर दिलं की औषधाला बोल लावू नका, रुग्ण दिवसभर लोळतो आणि हाताला लागेल ते खातो, घरच्यांनी त्याची जीभ आवरावी. पहिलं पत्र धोक्याचं आहे. दुसरं मला जास्त झोंबलं, कारण चौदा महिने मी घरात हेच बोलत होते, आणि तेही रक्ताच्या रिपोर्टवर पोट भरणारी बाई असून.

मी ३१ वर्षं रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. दोन औषधं पूर्ण मात्रेत, पुरेसा वेळ देऊन झाली, पण त्याच्या कानातले आवाज हटले नाहीत. मग डॉक्टरांनी क्लोझापिन सुरू केलं. साधारण चौथ्या महिन्यात एका सकाळी तो म्हणाला, "ताई, आज कोणीच बोललं नाही." त्या वाक्याची किंमत ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनाच कळेल. म्हणून पुढे मी औषधाबद्दल जे लिहिणार आहे, ते हे वाक्य लक्षात ठेवून वाचावं.

क्लोझापिनचा एक नियम आहे. ते घेणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला मोजायच्या, पुढे हळूहळू महिन्यावर यायचं. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधावरच्या काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी एकदम कोसळल्या आणि त्यातले काही दगावले, तेव्हापासूनची ही धास्ती. कित्येक ठिकाणी औषध मागेच पडलं. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं की इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांना ते खरोखर उपयोगी पडतं, तेव्हा पेशी मोजण्याच्या अटीवर ते परत आलं. अट योग्यच आहे. भावाची जांभळ्या झाकणाची नळी दर आठवड्याला माझ्याच टेबलावर यायची. मी मोजायचे, आकडा ठीक आला की सुस्कारा सोडायचे, आणि नळी रॅकमध्ये ठेवून द्यायचे.

मधल्या काळात त्याचं वजन ६१ किलोवरून ८३ वर गेलं. पानावरून उठला की अर्ध्या तासात स्वयंपाकघरात भांडी वाजायची. मी ओरडायचे. डब्यांना कुलूप लावण्यापर्यंत माझी मजल गेली होती, हे लिहिताना लाज वाटते. तो एकदाच म्हणाला, "पोट भरतं गं ताई, पण जेवण संपल्यासारखं वाटतच नाही." मला तो बहाणा वाटला.

खरी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि ती मी पुसून टाकत होते. पेशी मोजणारं यंत्र एमसीएचसी नावाचा एक आकडा देतं, लाल पेशीत हिमोग्लोबिन किती दाट आहे त्याचा. तो ३६च्या वर सहसा जात नाही. भावाच्या रिपोर्टवर तो तीन-चार वेळा ३७च्या पुढे आला आणि यंत्राने शेजारी खूण केली. हिमोग्लोबिनची तिप्पट केली की हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, जवळपास जुळावं, हा आमचा जुना ठोकताळा. तोही जुळत नव्हता. मी यंत्राच्या कॅलिब्रेशनला दोष दिला, कंट्रोल, म्हणजे ज्याचा आकडा आधीच माहीत असतो तो नमुना, पुन्हा चालवला, तो बरोबर आला, आणि तरीही पुढे गेले. मग एके दिवशी यंत्र बंद पडलं. दुपारच्या नळ्या दुरुस्ती होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. संध्याकाळी रॅक हातात घेतला तर सगळ्या नळ्यांत लाल पेशी खाली बसलेल्या, वर फिकट पिवळा प्लाझ्मा. एका नळीत मात्र वर दूध. नाव वाचायची गरज नव्हती, तरी वाचलं.

यंत्र हिमोग्लोबिन मोजतं ते प्रकाश आरपार सोडून. रक्तात चरबीचे कण तरंगत असले की प्रकाश अडतो आणि यंत्राला वाटतं हिमोग्लोबिनच जास्त आहे. म्हणजे यंत्र चार आठवडे मला सांगत होतं की या माणसाच्या रक्तात चरबी आहे. मी पांढऱ्या पेशी मोजत होते.

त्याच नळीतल्या प्लाझ्मावर ट्रायग्लिसराइडची, म्हणजे रक्तातल्या चरबीची, तपासणी लावली: १२१० मिलिग्रॅम. तो जेवून आला होता, म्हणून तो आकडा धरून चालत नाही. दोन दिवसांनी बारा तास उपाशी ठेवून पुन्हा रक्त घेतलं. ट्रायग्लिसराइड ६९०, एकूण कोलेस्टेरॉल २६२, एचडीएल (लोक ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते) २९, साखर ११८. ट्रायग्लिसराइड १५०च्या आत असावं. ५००च्या वर गेलं की स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती सुरू होते, आणि हजारापुढे ती भीती गंभीर होते.

मी एक जुना प्रयोगही केला, आता कोणी करत नाही तो. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, रात्रभर फ्रिजमध्ये उभं ठेवलं. जेवणातून आलेली चरबी असेल तर ती सायीसारखी वर येते आणि खालचं पाणी स्वच्छ राहतं. यकृताने स्वतः बनवून रक्तात सोडलेली चरबी असेल तर साय धरत नाही, सगळी नळी सारखी गढूळ राहते. सकाळी पाहिलं. साय नव्हती. नळी वरपासून खालपर्यंत एकसारखी गढूळ. कुलूप लावलेले डबे मला तेव्हा आठवले.

इथे थोडं विषयांतर, कारण वाचकांना त्याचा थेट उपयोग आहे. बऱ्याच रिपोर्टांत एलडीएल, म्हणजे लोक ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, मोजलेलं नसतं. ते वजाबाकीने काढलेलं असतं. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. हे फ्रीडवाल्ड यांचं १९७२चं सूत्र. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर असेल तर ते लागू पडत नाही, आणि चांगली प्रयोगशाळा त्या रकान्यात आकडा न देता तसं लिहिते. भावाच्या आकड्यांवर कोणी डोळे मिटून ही वजाबाकी केली असती तर एलडीएल ९५ आलं असतं. ९५! घरच्यांनी रिपोर्ट कपाळाला लावला असता. अशा वेळी एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करावं. भावाचं ते २३३ येत होतं, आणि खरी गोष्ट तो आकडा सांगत होता.

आता औषध हे करतं कसं? आपल्या दुसऱ्या पत्रलेखकांसाठी हे मी जरा सविस्तर लिहिते.

भुकेचा भाग खरा आहे, पण ती भूक जिभेची नसते. क्लोझापिन आणि त्याच्याच जातीचं ओलान्झापिन मेंदूतल्या ग्राहकांवर, म्हणजे रसायनांचे निरोप घेणाऱ्या जागांवर, जाऊन बसतात: हिस्टामिन या रसायनाच्या एच-१ ग्राहकावर आणि सेरोटोनिनच्या २-सी ग्राहकावर. हे दोन्ही ग्राहक भूक आवरण्याच्या कामात असतात. तेच अडवले की पोट भरल्याचा निरोप पोचत नाही. भावाने मला एका वाक्यात जे सांगितलं होतं, तेच मी नंतर पुस्तकात दोन पानं वाचलं.

पण भुकेने सगळं उलगडत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोणताही मानसिक आजार नसलेल्या निरोगी माणसांना देखरेखीखाली फक्त नऊ दिवस ओलान्झापिन किंवा अरिपिप्राझोल हे तसंच दुसरं औषध दिलं. वजन वाढलेलं नसतानाही दोन्ही औषधांवर शरीर इन्शुलिनला नीट दाद देईनासं झालं. नऊ दिवसांत कोण आळशी होतो? इन्शुलिनचं एक काम चरबीच्या पेशींना साठा सोडू न देण्याचं. तो हुकूम चालेनासा झाला की त्या पेशी मेदाम्लं रक्तात सोडतात. ती यकृतात जातात, यकृत त्यांचं ट्रायग्लिसराइड बनवून, पुड्या बांधून परत रक्तात पाठवतं. माझ्या फ्रिजमधल्या नळीतला गढूळपणा तो हाच. क्लोझापिन आणि ओलान्झापिन स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवरचा एम-३ हा ग्राहकही अडवतात, त्यामुळे जास्तीचं इन्शुलिन हवं तेव्हाच ते कमी पडतं.

आणखी एक वाट आहे, आणि तंत्रज्ञ म्हणून मला ती सगळ्यात विलक्षण वाटते. प्रत्येक पेशी स्वतःमधलं कोलेस्टेरॉल सतत जोखत असते. कमी पडलं की एसआरईबीपी नावाची प्रथिनं केंद्रकात शिरतात आणि कोलेस्टेरॉल व मेदाम्लं बनवणारे कारखाने चालू करतात. पुरेसं झालं की कारखाने थंडावतात. ही यंत्रणा उलगडली ती मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेने. कोलेस्टेरॉलच्या नियमनावरच्या आधीच्या कामासाठी त्यांना १९८५चं नोबेल मिळालं होतं. मनोविकारांवरच्या या औषधांचे रेणू पेशीच्या आत, लायसोसोम नावाच्या आम्ल भरलेल्या पिशव्यांत, अडकून पडतात. तिथून कोलेस्टेरॉलची पुढची वाहतूक तुंबते. शिवाय यातली काही औषधं कोलेस्टेरॉल बनण्याच्या शेवटच्या पायऱ्यांवरची एन्झाइमं अडवतात. घरात धान्य भरलेलं, पण कोठाराच्या दाराला कडी. पेशीला वाटतं दुष्काळ पडला, आणि ती कारखाने दुप्पट वेगाने चालवते. नॉर्वेतल्या बर्गेनच्या संशोधकांनी २००५च्या सुमारास माणसाच्या पेशी काचपात्रात वाढवून क्लोझापिनने हे कारखाने चालू होताना पाहिले. काचपात्रातली गोष्ट जशीच्या तशी माणसाला लागू होते असं मी म्हणणार नाही. पण वजन न वाढताही काहींचं ट्रायग्लिसराइड का चढतं, याचा एक धागा इथे सापडतो.

सगळी औषधं सारखी नाहीत, हे मात्र सांगायलाच हवं. १९९९ मध्ये डेव्हिड ॲलिसन आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून दहा आठवड्यांतली सरासरी वजनवाढ काढली: क्लोझापिन ४.४५ किलो, ओलान्झापिन ४.१५, रिस्पेरिडोन २.१०, झिप्रासिडोन ०.०४. २०२० साली शंभर चाचण्या आणि १८ औषधं एकत्र तोलली गेली, तेव्हाही सगळ्यात जास्त त्रास क्लोझापिन आणि ओलान्झापिनचाच निघाला. अरिपिप्राझोल, ब्रेक्सपिप्राझोल, कॅरिप्राझिन, लुरासिडोन, झिप्रासिडोन यांचा त्रास कमी. मुलांना हा फटका जास्त बसतो. २००९ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदाच अशी औषधं घेणाऱ्या मुलामुलींच्या अभ्यासात अकराएक आठवड्यांत ओलान्झापिनवर सरासरी साडेआठ किलो वजन वाढलं होतं, औषध न घेणाऱ्यांचं ०.२ किलो.

२०२०च्या त्याच अभ्यासात एक अवघड गोष्टही निघाली: ज्यांची लक्षणं जास्त सुधारली त्यांच्यात ही चयापचयाची गडबडही जास्त होती. काही डॉक्टर ती दिलाशासारखी ऐकवतात, "वजन वाढतंय म्हणजे औषध लागू पडतंय." कृपा करून असं रुग्णाला ऐकवू नये. आधीच तो आरसा टाळत असतो.

आता पहिल्या पत्रलेखकांकडे वळते. औषध बंद करा, हे लिहायला सोपं आहे. फिनलंडमध्येच ६६,८८१ रुग्णांची १९९६ ते २००६ अशी अकरा वर्षांची नोंद तपासली गेली. ज्यांनी दीर्घकाळ औषध घेतलंच नाही, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण औषध घेणाऱ्यांपेक्षा जास्त होतं. आणि सगळ्यात कमी प्रमाण कोणत्या औषधावर? क्लोझापिनवर, चरबीच्या बाबतीत जे सगळ्यात बदनाम त्यावर. माझ्या भावाच्या डॉक्टरांनीही रिपोर्ट पाहून पहिलं वाक्य हेच उच्चारलं की क्लोझापिनला हात लावायचा नाही. फिजिशियनकडे पाठवलं. त्यांनी आधी ट्रायग्लिसराइड खाली आणायला फेनोफायब्रेट दिलं, सोबत मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध, गोड पेयं पूर्ण बंद, रोज चालणं. तीन महिन्यांनी ट्रायग्लिसराइड २८४ झालं. वर्षभरात वजन ७७. आवाज आले नाहीत.

औषध बदलून भागत असेल तर डॉक्टर बदलतातच. भावाला तो पर्याय उरला नव्हता. २०२१ मध्ये अमेरिकेत ओलान्झापिनला सॅमिडॉर्फन जोडलेली गोळी मंजूर झाली, तिने वजनवाढीला थोडा लगाम बसतो. २०२४ मध्ये झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम आलं, ते जुन्या औषधांसारखे डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचे ग्राहक थेट अडवत नाही. आशा आहे. पण ज्याच्या रक्तात आज दूध तरंगतंय त्याला आजच तपासायला हवं.

माझं म्हणणं एवढंच आहे की तपासा. २००४ मध्ये अमेरिकेतल्या मधुमेहाच्या आणि मनोविकारांच्या संघटनांनी एकत्र बसून नियम ठरवले: औषध सुरू करण्याआधी वजन, कंबर, रक्तदाब, साखर, लिपिड (म्हणजे रक्तातली चरबी), बारा आठवड्यांनी साखर आणि लिपिड पुन्हा. इथपर्यंत उत्तम. त्यानंतर लिपिड दर पाच वर्षांनी! हे वाचून मी चष्मा पुसला. पाच वर्षांत माझ्या भावाचं काय झालं असतं? मला वाटतं निदान वर्षातून एकदा, आणि क्लोझापिन-ओलान्झापिनवर पहिल्या वर्षी त्याहून जास्त वेळा. पण नियमाचं गाऱ्हाणं तरी कशाला, आधी करतो कोण? अमेरिकेतल्या केटी या मोठ्या अभ्यासात स्किझोफ्रेनियाचे १४९३ रुग्ण दाखल झाले, तेव्हा ज्यांच्या रक्तातली चरबी बिघडलेली होती त्यांतल्या ८८ टक्क्यांना त्यावर कोणताही उपचार चालू नव्हता.

दोन डॉक्टरांच्या मधल्या फटीत हे रुग्ण पडतात. मनोविकारतज्ज्ञ म्हणतात, चरबी फिजिशियन बघतील. फिजिशियनसमोर रुग्ण पोचतच नाही. पोचला आणि "पोटात दुखतंय" म्हणाला तर समोरच्या माणसाच्या डोळ्यांत मी पाहिलं आहे, त्यांना वाटतं हाही भासच. वरच्या पोटात सुरू होऊन पाठीत जाणारी जोराची कळ या औषधांवरच्या माणसाने सांगितली, तर आधी लायपेज (स्वादुपिंडाची सूज ओळखणारी रक्ततपासणी) आणि ट्रायग्लिसराइड लावावं, भास की खरं ते नंतर ठरवावं.

क्लोझापिनच्या रुग्णाची सुई तर टोचलेली असतेच. जांभळी नळी भरण्याआधी त्याच सुईतून आणखी एक नळी भरायला अर्धं मिनिट लागतं. उपाशी नसेल तरी भरा. एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल जेवणाने फारसं हलत नाही, आणि ट्रायग्लिसराइड फारच वर दिसलं तर उपाशीपोटी पुन्हा बोलवा. टेबलामागच्या माझ्या सहकाऱ्यांनाही एक विनंती. नमुना दुधाळ दिसला तर "लायपेमिक" (चरबीने गढूळ) असा शेरा मारून थांबू नका. फोन उचला.

हे पत्र भावाला वाचून दाखवलं. डब्यांच्या कुलपाचं काढून टाक म्हणाला, मी ठेवलं. नाव छापू नये ही अट माझी आहे, त्याची नाही. तो म्हणाला, "ताई, छाप की. आकडे माझेच आहेत ना?"

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)